गॅस संपला म्हणे!

काय वं, सकाळपासून तोंड एवढुसं काहून करून बसली? एसी थंड करूनच नाही राहिला? बाप्पा, ऐन नवतपात! अन् दुरुस्तीवाला काय म्हणते? 'गॅस संपला, अडीच हजार लागतील.' फोनवरच? मायबाई, डॉक्टरही जीभ बघितल्याशिवाय गोळी देत नाही, अन् ह्याला फोनवरून गॅस दिसला!

थांब, कैऱ्यांचं टोपलं खाली ठेवते. तू पण लिंबाच्या सावलीत सरक, सात वाजले नाही तर ऊन पाठ भाजून राहिलं.

अवं, एसीतला गॅस काय गाडीतलं पेट्रोल आहे, चालवला की संपायला? बंद नळीत तोच तो फिरत राहते, वर्षानुवर्षं. कमी झालाच तर कुठंतरी गळून राहिला. मग आधी गळती शोधायची, ती बुजवायची, मग भरायचा. नुसताच भरून गेला तर पुढच्या मे महिन्यात तोच पोट्टा अन् तेच अडीच हजार. निळ्या गेटवाल्यांना विचार, तीन उन्हाळे लागोपाठ भरून राहिले. सुनेला पैठणी घेताना मात्र दोनशे रुपयांसाठी तासभर घासाघीस केली, मीच होती सोबत. असो.

मला सांग, आतली जाळी कधी धुतली? समोरचं झाकण उचललं की दिसते ती. दिवाळीत? बाई, दिवाळीला सात महिने झाले! अन् गल्लीत सिमेंट रोडचं काम चालू, धूळ काय कमी आहे? जाळी बुजली की हवा आत जात नाही, आतल्या नळ्यांवर बर्फ धरते, अन् वारा येईनासा होते. बर्फ दिसला तर चाकूनं खरवडू नको, बंद करून दोन-तीन तास आपोआप वितळू दे. जाळी नळाखाली धू, सावलीत वाळव. एवढं करून पुन्हा बर्फ धरला, तर मग बोलाव त्याला खुशाल.

अन् तो रिमोट आण इकडं, भिंतीवरून दे. हे बघ, थेंबाचं चित्र आहे! कोणाच्या हातात असते हा? नातवाच्या? वाटलंच. बर्फाच्या फुलाचं चित्र पाहिजे इथं. अन् हे सोळा कशाला? सोळावर ठेवला म्हणून तुझा हा जुना एसी काय जास्त जोरात पळत नाही, नुसता थांबायचं नाव घेत नाही, बिल तेवढं पळते. २०२० च्या जानेवारीपासून तर नवे एसी चोवीसवरच सुरू होतील असा सरकारनं नियमच केला. लाइन जाऊन आली की लगेच बटनं दाबत बसू नको बरं. बाहेरची मशीन तीनेक मिनिटं मुद्दाम थांबते, तिच्या भल्यासाठी. तुझ्याकडे तेवढ्यात 'बिघडला, बिघडला' सुरू होते.

जानेवारीत तुझ्या गीझरचं काय झालं होतं? चार दिवस थंड पाण्यानं अंघोळ, अन् निघालं काय, मेनबोर्डावरचं त्याचं बटन पडलेलं! एकदा वर करून बघायचं. पुन्हा पडलं तर मात्र हात लावायचा नाही, काहीतरी खरंच जळून राहिलं असते.

मी आपली कूलरवालीच. नागपूरची हवा कोरडी, ताटीवरचं पाणी भराभर उडते, म्हणून थंडावा. मुंबईला माझ्या बहिणीनं हौसेनं कूलर घेतला अन् पंधरा दिवसांत त्याच्यावर कपडे वाळत घालून राहिली. तिथं हवेतच पाणी, ताटीवरचं उडणार कसं? म्हणून तर म्हणते, कूलर लावला की समोरची खिडकी वीतभर उघडी ठेव. तुझ्या सासूबाई माझ्याकडे आल्या अन् सगळं बंद करून बसल्या, 'थंडावा बाहेर जाते' म्हणे. अंग चिकचिक झालं तर नावं माझ्याच कूलरला! सांगू नको हो त्यांना.

परवा माझाही गरम फेकत होता. ताटीला हात लावून बघितला, तर मधला पट्टा कोरडा ठणठणीत. आपलं बोअरचं पाणी, वरच्या नळीची भोकं क्षारानं बुजलेली. झाडूच्या काडीनं मोकळी केली, पंपाच्या जाळीतलं मागच्या वर्षीचं गवत काढलं, झालं. पण प्लग काढून! नुसतं बटन बंद करून नाही, पाणी भरतानाही नाही. पत्र्याची बॉडी अन् ओली फरशी. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकनं माणसं जातात, पेपरात वाचते ना तू. अन् पंखा नुसता गुणगुणला, फिरला नाही, तर बहुतेक कपॅसिटर. त्याच्यात बंद केल्यावरही करंट साठून राहते. ते काम मिस्त्रीचंच, आपलं नाही.

यंत्रावर एवढा भरवसा कशाला ठेवते? आठवते, २०२४ च्या मे महिन्यात आपल्या नागपुरात छप्पन्न अंश झालं म्हणून टीव्हीवर गोंधळ? आमचे हे तर दारच उघडेनात. मग हवामान खात्यानंच सांगितलं, सेन्सर बिघडलं होतं!

बरं, बाहेरची मशीन बघितली का? गच्चीवर आहे ना? घरातली गरमी तीच बाहेर फेकते, तिलाच दम कोंडला तर काय करणार? जा, बघून ये. मी इथंच आहे, लोणच्याच्या कैऱ्या पुसत.

काय? जोरात बोल, ऐकू नाही येऊन राहिलं! ताडपत्री? अख्खी मशीन गुंडाळली? सुतळीनं बांधून? अवं, पावसाळ्यात बांधलेली ती! मग इतके दिवस तिच्यावर एसी चालवून राहिले तुम्ही?

सोड आधी ती, पण मेन बंद करून. पंख्याजवळ सुतळीचा तुकडा ठेवू नको.

कोणी बांधली म्हणून काय विचारते? हळू बोल. भाऊजी खाली गेटपाशीच उभे आहेत, त्या पोट्ट्याला फोन लावून राहिले.