दार लावून बोला

ऑनलाइन थेरपी सुरू करायला काय लागतं? जाहिरात म्हणते, एक मोबाइल, बरं इंटरनेट आणि 'पहिलं पाऊल'. पैसे भरून झाले की बारीक अक्षरातली अट दिसते : सेशनच्या वेळी खोलीत तुम्ही एकटेच असावे, दार बंद असावं.

ही अट लिहिणाऱ्याने डोंबिवलीतलं वन-बीएचके पाहिलेलं नसावं. तिथे तिशीतला मुलगा भर दुपारी दार लावून बसला, तर घरच्यांना ज्या शंका येतात त्यांत थेरपी कुठेच नसते. पाचव्या मिनिटाला आई दार वाजवते, "काय रे, बरं वाटत नाहीये का?" बरं वाटत नाहीये म्हणून तर दार लावलंय, पण हे आईला सांगायचं कसं, हाच मुळी पहिल्या सेशनचा विषय असतो! मग माणसं पार्किंगमधल्या गाडीत जाऊन बसतात. काचा वर, घाम खाली. बालपणाचा विषय नुकताच निघालेला असतो आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका काचेवर टकटक करतात, "बॅटरी उतरली का? धक्का मारू?"

त्याआधी फॉर्म. बऱ्याच ठिकाणी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली असते. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, कशात रस न वाटणं, असे नऊ प्रश्न आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. थकव्याचे तीन गुण लोकलचा पासधारक डोळे मिटून घेतो. नववा प्रश्न मात्र जीव नकोसा होण्याचा, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे थट्टा थांबते.

आणि म्हणूनच पुढचा रकाना येतो : तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं? इथे भले भले अडतात. नवऱ्याचा नंबर द्यावा तर तो या सेशनचा विषय, सासूचा द्यावा तर ती पुढच्या. शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीचा नंबर जातो, तिला न विचारता. पण रकाना फालतू नाही. थेरपिस्ट पुण्यात, पेशंट लातुरात. उद्या काही बरंवाईट होण्याची वेळ आली, तर दार ठोठावणारं माणूस लातुरातच लागणार. "आत्ता कुठे बसला आहात?" असं चांगला थेरपिस्ट विचारतो तेही त्याचसाठी. चांभारचौकशी समजून खोटं सांगू नका.

गंमत अशी, की आईला ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजणारा हाच माणूस ॲपच्या सगळ्या परवानग्यांना 'ओके' करत सुटतो. अमेरिकेतल्या 'बेटरहेल्प' या थेरपी ॲपने माहिती गुप्त ठेवण्याचं वचन दिलं आणि ग्राहकांचे ईमेल, प्रश्नावलीतली माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅटपर्यंत पोचवली, असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला. २०२३ मध्ये प्रकरण ७८ लाख डॉलरवर मिटलं. आईने ऐकलं असतं तर फार तर मावशीला कळलं असतं.

समोर बसलेलं माणूस कोण, हे तरी विचाराल? देवगड की कर्नाटक, हे पेटी हुंगून ठरवणारे आपण, इथे मात्र फोटोतल्या हसऱ्या चेहऱ्यावर भाळतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. गोळ्या लिहून देणारा सायकियाट्रिस्ट डॉक्टर असतो आणि २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार त्याने आपला नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर, पावतीवर छापायलाच हवा. 'माइंडसेट कोच'चा नोंदणी क्रमांक म्हणजे बहुधा त्याचा व्हॉट्सॲप नंबर. शिक्षण विचारल्यावर जो "आधी तुमच्याबद्दल बोलू या" म्हणतो, त्याचं दहा सेशनचं पॅकेज निम्म्या किमतीत मिळालं तरी घेऊ नका.

पॅकेजच परवडत नसेल, तर १४४१६ लावा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही. तिची जाहिरात मोबाइलवर तुमचा पाठलाग करत नाही, एवढ्यावरून ती कमअस्सल समजू नका.