अर्जाची पोच द्या

एखाद्या मुलाने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज केला, की हातात पोच पडते. तिच्यावर अर्जाचा क्रमांक असतो, तारीख असते, दाखला कधीपर्यंत मिळेल तेही असतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने ही पोच बंधनकारक केली. तोच मुलगा पदवी घेऊन नोकरीचा अर्ज कंपनीच्या गेटवर देतो, तेव्हा हाती काहीच पडत नाही. ‘ठेवून जा’ एवढंच ऐकून त्याला परत फिरावं लागतं.

हाताने दिलेल्या अर्जाची पोच मिळालीच पाहिजे. आणि उत्तरही.

निकाल लागले की भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत जाऊन बघा. पाठीला सॅक, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये बायोडेटाच्या प्रती आणि गुणपत्रिकांच्या झेरॉक्स. बसथांबा हमरस्त्यावर, कंपन्या आत लांबवर. एका गेटवरून दुसऱ्या गेटवर पायपीट. यातली कितीतरी मुलं गावाकडून आलेली, कॉट बेसिसवर राहणारी, मेसच्या पैशांचा हिशेब करत दिवस काढणारी. त्यांना ‘ऑनलाइन अप्लाय करा’ हे कुणी शिकवायला नको. ते करून झालेलं असतं. पोर्टलवर अर्ज टाकून टाकून एक फोन आला नाही, म्हणून ती चालत आली आहेत.

गेटवर सिक्युरिटी केबिनची खिडकी असते आणि खिडकीत रजिस्टर. रकाने ठरलेले: नाव, कुठून आलात, गाडी नंबर, कोणाला भेटायचंय, वेळ, सही. फ्रेशर अडतो तो ‘कोणाला भेटायचंय’पाशी. नाव सांगता आलं तर आत फोन लागतो. नाही आलं तर बाजूला व्हा. ज्याचा मामा आत सुपरवायझर आहे, त्याला नाव माहीत असतं. ज्याच्या घरातलं कुणी कधी कंपनीत गेलंच नाही, त्याला कुठून माहीत असणार? वशिला सुरू होतो तो इथूनच, या रकान्यापासून.

वॉचमनवर राग काढून उपयोग नाही. तोही बहुधा एजन्सीचा माणूस, कंत्राटावर राबणारा. अर्ज घ्यायचा त्याला अधिकार नाही, नाकारायचाही नाही. घेतलेला कागद आत कोणाकडे पोचवायचा, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग कागद टेबलाखालच्या खोक्यात जातो. त्या कागदावर एखाद्या मुलीचा मोबाइल नंबर असतो, घरचा पत्ता असतो, जन्मतारीख असते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा डिजिटल माहितीसाठी आहे. खोक्यातल्या कागदाला त्याचा आधार नाही. म्हणजे अर्ज वाचलाही जात नाही आणि जपलाही जात नाही.

ही पोकळी कोण भरतो, तेही बघा. गेटसमोरच्या टपरीवर उभा असलेला माणूस. ‘आत लावून देतो, आधी पैसे भरा.’ सरळ वाट बंद केली की दलालाचं दुकान चालतं. हे दुकान बंद करायचं असेल, तर कंपनीने स्वतःची खिडकी उघडली पाहिजे.

कंपन्या म्हणतील, येणारे शेकडो, आम्ही किती जणांना उत्तर देणार? ही अडचण खरी आहे. पण मग गेटवर मोठ्या अक्षरांत पाटी लावा: ‘अर्ज इथे घेतले जात नाहीत, अमुक ठिकाणी पाठवा.’ मुलांचं बसभाडं आणि दिवस तरी वाचेल. घ्यायचा असेल तर नीट घ्या, नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. घ्यायचा आणि विसरायचा, हा तिसरा प्रकार बंद करा.

‘जागा नाही’ हे उत्तरही तपासून घेतलं पाहिजे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. अप्रेंटिस कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर ही दारं इंजिनिअरांखेरीज इतर पदवीधरांनाही खुली झाली आहेत. म्हणून बीकॉम झालेल्या मुलीने गेटवर नोकरीबरोबरच ‘अप्रेंटिसच्या जागा किती?’ हेही विचारावं.

कायद्याचा इतिहास फार धीर देत नाही. २५ किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवाव्यात, असं १९५९ च्या कायद्याने ठरवलं. न कळवल्यास दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढे १,००० पर्यंत. एवढ्या रकमेला कोणती कंपनी भिणार? शिवाय जागा तिथूनच भरण्याची सक्ती नव्हती. आता हा विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. पण गेटवरच्या मुलाला पोच द्या, असं आजही कुठला कायदा कंपनीला सांगत नाही.

म्हणून मागणी थेट कंपन्यांकडेच. आठवड्यातला एक दिवस ठरवा. दोन तास एचआरचा एक माणूस गेटवर बसवा. भरायच्या जागा फळ्यावर लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारा. महिन्याभरात एका ओळीचा मेसेज पाठवा, हो किंवा नाही. नकार पचवता येतो, मुलं दुसरीकडे वळतात. महिनोन्‌महिने फोनकडे बघत बसवणं हा अन्याय आहे. यासाठी ना यंत्र लागतं ना सल्लागार. चांगली माणसं मिळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या उद्योजकांच्या संघटनांनी हे आधी आपल्या सभासदांच्या गळी उतरवावं.

आणि पदवीधरांनो, अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर सही-तारीख मागा. मागताना ओशाळू नका, तुम्ही भीक मागत नाही आहात. सही मिळाली नाही, तर एचआरमध्ये अर्ज कोण बघतं त्याचं नाव विचारा आणि लिहून घ्या. मित्रांनाही सांगा. पुढच्या खेपेला रजिस्टरच्या त्या रकान्यात तुमच्याकडेही लिहायला नाव असेल.