योगायोगाच्या बाहुल्या

२० जानेवारी २००९ ला बराक ओबामांनी शपथ घेतली आणि त्याच सुमारास अमेरिकेतल्या दुकानांत दोन सावळ्या बाहुल्या झळकल्या. एक ‘मार्व्हलस मालिया’, दुसरी ‘स्वीट साशा’. किंमत प्रत्येकी ९ डॉलर ९९ सेंट. व्हाइट हाऊसमध्ये नुकत्याच राहायला आलेल्या मुलींची नावंही मालिया आणि साशाच. थोरली दहा वर्षांची, धाकटी सात. बाहुल्या काढल्या होत्या शिकागोजवळच्या टाय कंपनीनं. नव्वदच्या दशकात ‘बीनी बेबीज’ या मऊमऊ प्राण्यांसाठी मोठ्या माणसांना रांगा लावायला लावणारी कंपनी ती हीच.

कंपनीनं खुलासा केला की नावं गोड वाटली म्हणून घेतली, या बाहुल्या म्हणजे ओबामांच्या मुली नव्हेत. आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. इथं आत्याबाई विक्री विभागात बसल्या होत्या. मुलींची एवढी नावं पडलेली असताना त्यांना नेमकी हीच दोन, तीही जोडीनं आणि ऐन शपथविधीच्या मुहूर्तावर सुचली. असा योग जुळवायला पंचांगकर्त्याचाही घाम निघाला असता.

मिशेल ओबामांच्या कार्यालयानं मोजक्या शब्दांत सुनावलं : लहान मुली या खाजगी नागरिक आहेत, मालाच्या जाहिरातीसाठी त्यांचा वापर गैर आहे. फेब्रुवारीत कंपनीनं दुसरं बारसं केलं. मालियाची ‘मराया’ झाली, साशाची ‘सिडनी’. तोवर झालेला नफा टेनिसपटू आंद्रे आगासीच्या धर्मादाय संस्थेला देण्याचं जाहीर झालं. योगायोग होता तर प्रायश्चित्त कसलं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आईचं म्हणणं बरोबरच होतं. फक्त एक बारीकशी अडचण होती. २००८ च्या जुलैत, प्रचाराच्या धामधुमीत, याच दोघी आईबाबांसोबत टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे बसल्या होत्या. मुलाखत गाजली आणि मग ओबामांनी कबूल केलं की हे करायला नको होतं, पुन्हा करणार नाही. म्हणजे मुलींचं गोड हसू बाजारात आणण्याचा मोह घरच्यांनाही झाला होता. पण बापाला पश्चात्ताप आपणहून झाला, कंपनीला तो कान उपटल्यावर झाला, एवढा फरक आहे आणि तो लहान नाही.

टायच्या आत्याबाईंना आदर्श घालून द्यायला शिकागोतच एक थोरली आत्या होऊन गेली होती. १९२१ मध्ये कर्टिस कंपनीनं शेंगदाण्यांचा एक चॉकलेट बार ‘बेबी रूथ’ नावानं विकायला काढला. तेव्हा बेसबॉलपटू बेब रूथचं नाव देशभर दुमदुमत होतं. त्याला पैसे द्यायचे का? छे! कंपनीचं म्हणणं असं की नाव खेळाडूचं नाहीच, ते माजी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या मुलीचं, रूथचं. ती पोर १९०४ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, घटसर्पानं गेली होती. जिवंत माणसाचा हिशेब चुकवायला सतरा वर्षांपूर्वी गेलेलं लेकरू कामाला आलं. पुढे खुद्द बेब रूथच्या नावाचा बार बाजारात आला, तेव्हा कर्टिसनं त्यालाच हरकत घेतली आणि १९३१ मध्ये न्यायालयात जिंकलंही. ज्याचं नाव, त्यालाच नावाची बंदी!

सगळे नातलग असे बिचारे नसतात. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या भावानं, बिलीनं, १९७७ मध्ये स्वतःच्या नावाची ‘बिली बिअर’ काढवून घेतली. बिअर वर्षभरात बसली. पण बिली सज्ञान होता, आणि तिच्यामागे योगायोग आहे असं तो कधी म्हणाला नाही.

स्लोव्हेनियातल्या सेवनित्साची गोष्ट यापेक्षा रंगतदार आहे. मेलानिया ट्रम्प लहानाच्या मोठ्या झाल्या ते हे गाव, वस्ती पाचेक हजारांची. २०१६ मध्ये माहेरवाशीण फर्स्ट लेडी होणार म्हटल्यावर गावानं मेलानियाच्या नावाचा केक केला, मध विकला, सपाताही काढल्या. बाईंच्या वकिलांनी बजावलं की नावाला हात लावायचा नाही. मग गावकऱ्यांनी ‘फर्स्ट लेडी’ असं लेबल डकवलं आणि दुकान पुढे चालू ठेवलं.

इकडे २०१७ च्या फेब्रुवारीत बाईंनी एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या कंपनीवर बदनामीचा दावा लावला. त्यात एक तक्रार अशी की जगात सर्वाधिक फोटो निघणाऱ्या स्त्रियांपैकी एक असताना स्वतःच्या नावाचा माल काढण्याची आयुष्यातली एकमेव संधी हुकली. ओरड झाल्यावर सुधारित दाव्यातून ही वाक्यं गळाली. संधी मात्र कुठं गेली नव्हती. १९ जानेवारी २०२५ ला, नवऱ्याच्या दुसऱ्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, ‘मेलानिया’ नावाचं आभासी नाणं बाजारात आलं. काही महिन्यांतच त्याची किंमत शिखरापासून नव्वद टक्क्यांहून जास्त घसरली. सेवनित्साचा केक निदान खाता तरी आला.

या बाबतीत कायदा करण्याचा प्रयत्नही एकदा झाला होता. १८८६ मध्ये एकवीस वर्षांच्या फ्रान्सिस यांनी राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांच्याशी व्हाइट हाऊसमध्येच लग्न केलं. ही त्याच रूथची आई. बघता बघता या नव्या नवरीचा चेहरा यकृताच्या गोळ्यांपासून अंतर्वस्त्रांपर्यंत वाट्टेल त्या जाहिरातीत दिसू लागला, तिला न विचारता. १८८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये विधेयक आलं : कुणाही नागरिकाच्या पत्नी, आई, मुलगी वा बहिणीचं चित्र तिच्या लेखी संमतीशिवाय जाहिरातीत वापरलं तर ५०० ते ५,००० डॉलर दंड. ते मंजूर झालं नाही.