टॅपेट कव्हर उघडल्याशिवाय बोलणी नकोत

जुनी आलिशान गाडी घेताना विकणाऱ्याचा शब्द, सर्व्हिस बुकातले शिक्के आणि स्वतःचे कान, या तिघांपैकी कुणाचीही साक्ष ग्राह्य धरू नये, असं माझं ठाम मत आहे. कानांची तर मुळीच नाही. इंजिनावरचं टॅपेट कव्हर काढावं, टॉर्च मारावा, आतला प्लास्टिकचा तुकडा डोळ्यांनी बघावा आणि मगच किमतीबद्दल तोंड उघडावं. काहींना हे उर्मट वाटतं. जिच्या डॅशबोर्डला अक्रोडाचं लाकूड आहे आणि जिच्यात शिरताच चामड्याचा वास येतो, तिच्या मालकाला "जरा झाकण काढून बघू का?" असं विचारणं सभ्यपणाचं नाही म्हणे. मान्य. पण सभ्यपणे घेतलेल्या गाड्या पुढे टोइंगच्या दोराला बांधून घरी येतात, आणि तो देखावाही फारसा सभ्य नसतो.

उदाहरण जॅग्वारचं घेतो, कारण तिथे पुरावा मुबलक आहे. १९९६ मध्ये एक्सके८ या गाडीतून आणि पुढच्या वर्षी एक्सजे८मधून जॅग्वारने आठ सिलिंडरचं नवं इंजिन बाजारात आणलं. कंपनी तेव्हा फोर्डच्या मालकीची होती आणि इंजिन वेल्समधल्या ब्रिजेंडच्या फोर्ड कारखान्यात तयार व्हायचं. चार लिटरचं इंजिन, बत्तीस व्हॉल्व्ह, चार कॅमशाफ्ट, आणि त्या चौघांना क्रँकशाफ्टच्या तालावर ठेवायला चार साखळ्या, दोन लांब आणि दोन आखूड. आखूड साखळी इनटेकच्या कॅमशाफ्टवरून एक्झॉस्टच्या कॅमशाफ्टला फिरवते. ती सैल पडू नये म्हणून दोन बोल्टांवर बसवलेला एक टेन्शनर तिला ताणून धरतो. सुरुवातीच्या वर्षांत या टेन्शनरचं अंगच प्लास्टिकचं होतं. तापलेल्या तेलात वर्षानुवर्षं राहून ते ठिसूळ होतं, त्याला तडे जातात आणि एके दिवशी त्याचा तुकडा पडतो. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट ३,००० घेतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि मिटतो. व्हॉल्व्ह जिथे उतरतो तिथेच पिस्टनही वर येतो. दोघांची टक्कर होत नाही ती केवळ वेळ पाळली जाते म्हणून. साखळी काही दात सरकली की वेळ चुकली, व्हॉल्व्ह वाकले आणि हेड खाली उतरलं. रबरी बेल्ट ठरावीक मैलांनंतर बदलावा लागतो, साखळी मात्र इंजिनाच्या आयुष्याइतकी टिकते, असं मोटारींच्या धंद्यात छातीठोकपणे सांगितलं जायचं. ते आश्वासन शब्दशः पाळलं गेलं. साखळीने दगा दिला त्याच क्षणी इंजिनाचं आयुष्यही संपलं.

आता कानांबद्दल. साखळी सैल झाली की खडखडते, मग ऐकून का कळू नये, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. साध्या गाडीच्या बाबतीत तो खराही आहे. साधी गाडी म्हणजे चाळ. एका खोलीत भांडं आपटलं की तिन्ही मजल्यांना कारणासकट कळतं. आलिशान गाडी म्हणजे जाड भिंतींचा बंगला. आत घर मोडायला आलं तरी फाटकावरच्या माणसाला बागेतल्या पाखरांचाच आवाज येतो. तो सन्नाटा मुद्दाम विकत दिलेला असतो. बोनेटच्या आत अस्तर, काचांना दुहेरी रबर, इंजिनाखाली मऊ माउंटिंग, हे सगळं मालकाच्या कानावर काही येऊ नये याचसाठी केलेलं. म्हणजे ज्या गाडीत बिघाड सर्वांत महाग, त्याच गाडीत तो ऐकू येण्याची शक्यता सर्वांत कमी. त्यातून विकणारा हुशार असला तर गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी फिरवून, गरम करून ठेवतो. टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीतलं तेल खाली उतरलेलं असतं, म्हणून खडखड झालीच तर पहाटेच्या पहिल्या काही सेकंदांत होते. तेव्हा गाडी पूर्ण थंड असताना, बोनेट उघडं ठेवून सुरू करायला सांगावं. आवाज आला तर प्रश्न मिटला. नाही आला तर काहीच सिद्ध झालं नाही, कारण तडा आवाज करत नाही. कॉम्प्युटर लावून "एकही एरर नाही" म्हणणाऱ्यालाही हेच उत्तर. साखळी सरकल्यावर कॉम्प्युटरला कळतं, पण तोवर शेजाऱ्यांनाही कळलेलं असतं.

"प्लास्टिक वापरलंच कशाला?" असा संतापी प्रश्न हमखास येतो. संताप समजण्यासारखा आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी आहे. लोखंडी साखळी लोखंडावर घासली तर दोघंही झिजतील आणि वर किंचाळतील. साखळी जिथे टेकते ती पट्टी आजच्या गाड्यांतही प्लास्टिकचीच असते आणि असावी. चूक झाली ती ज्या अंगाने भार पेलायचा तेही प्लास्टिकचं केलं तिथे. जॅग्वारने पुढे टेन्शनर सुधारले आणि २००१ मध्ये धातूच्या अंगाचे बसवायला सुरुवात केली. इथे इंजिन क्रमांकाची एक गंमत उपयोगी पडते. या इंजिनाच्या क्रमांकातच ते कधी तयार झालं त्याचं वर्ष, महिना, दिवस, तास आणि मिनिटं असतात. इतकी अचूक जन्मवेळ ज्योतिष्यालाही क्वचित मिळते. विक्रीचं वर्ष मात्र इथे निरुपयोगी, कारण गाडी विकली जाण्याआधी बरेच महिने इंजिन तयार होऊन पडलेलं असू शकतं.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: "ऐंशी हजार मैल झाले, काही झालं नाही, म्हणजे या गाडीचे टेन्शनर चांगले निघाले." हा युक्तिवाद फक्त चालू गाड्यांचे मालकच करतात, कारण बाकीच्यांच्या गाड्या भंगारात गेलेल्या असतात. शिवाय प्लास्टिकला मैल मोजता येत नाहीत. ते उष्णतेने आणि वयानेही म्हातारं होतं, म्हणून "फार चालवली नाही, रविवारची गाडी आहे" हे सांगणं इथे गुण म्हणून खपत नाही. तिसरा आक्षेप पावतीचा. पावतीवर "टेन्शनर बदलले" एवढंच असतं. एका बाजूचे की दोन्ही? धातूचे की गोदामात उरलेले जुने प्लास्टिकचेच? कव्हर काढलं की अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं. धातू चमकतो, प्लास्टिक तपकिरी पडलेलं असतं.

पुण्या-मुंबईत आणखी एक भावनिक आक्षेप ऐकू येतो की जॅग्वार आता आपली. टाटांनी २००८ मध्ये फोर्डला २३० कोटी डॉलर मोजून जॅग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या, हे खरं. पण हे टेन्शनर त्याच्या बरेच आधीचे. मालकी बदलली म्हणून ब्रिजेंडमध्ये बसवलेलं प्लास्टिक पूर्वलक्षी प्रभावाने देशी आणि टिकाऊ होत नाही. इंग्लंडात राहून जुनी एक्सजे८ स्वस्तात घेऊ पाहणाऱ्या मराठी माणसाने अभिमान बाळगावा, पण टॉर्चही बाळगावा.

माझ्या आग्रहाला मर्यादा आहे, हे लपवत नाही. टॅपेट कव्हरखाली वरचे टेन्शनर दिसतात, पुढच्या कव्हरमागचे लांब साखळ्यांचे गाईड, म्हणजे साखळी ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या, दिसत नाहीत. तिथे ऑइल चेंबरमध्ये बघावं लागतं. बीएमडब्ल्यूच्या एम६२ या व्ही८ इंजिनात गाईड मोडला की त्याचे तुकडे चेंबरमध्ये उतरतात आणि तेल ओढणाऱ्या जाळीत अडकतात, म्हणजे एका रोगाचे दोन होतात. आणि ऑडीने २००३च्या सुमाराच्या एस४मधल्या व्ही८ इंजिनात साखळ्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला नेल्या. तिथले गाईड बदलायचे तर अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. गाडी घेण्याआधी इंजिन बाहेर काढून दाखवा, असं सांगण्याइतका मीही निर्दय नाही. तिथे थंड इंजिन ऐकावं आणि ते काम करायचंच आहे असं धरून भाव सांगावा.

जॅग्वारवाल्याला मात्र ही सवलत नाही. कव्हर काढायला काही बोल्ट, थोडी खटपट आणि एक दुपार लागते. "उघडलं की गॅस्केट गळेल" ही त्याची शेवटची सबब असते, आणि ती खोटी नसते. म्हणून गाडी घेणाऱ्याने नवी गॅस्केट स्वतःच्या खर्चाने सोबत न्यावीत. चहा गाडी विकणाऱ्याने पाजावा.