पडवीची जाळी आणि काकूंचं माहेर

"काय गं, रविवारी सकाळी ठोकाठोकी कसली?"

परसातल्या बुटक्या भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला आणि आजचा रविवार या भिंतीपाशीच जाणार हे मी ओळखलं. काकूंच्या हातात मेथीची जुडी होती. मेथी निवडायला घेतली की काकूंना ऐकायला कुणीतरी लागतंच.

"पडवीची जाळी बदलतेय काकू. कोपऱ्यात फाटलीय. दिवेलागणीला सगळे डास आत."

"नदीकाठी गावभागात राहायचं म्हटल्यावर डास आलेच. किती सांगितले?"

"तीन हजार. दोन तासांचं काम म्हणाले मिस्त्री."

काकू हसल्या. "पडवीला हात लावायचा आणि दोन तासांत उठायचं? बघू की."

मेथीची चार पानं खुडून होतात न होतात तोच मिस्त्रींची हाक आली, "वहिनी, जरा इकडं या." जाळीवर मारलेल्या लाकडी पट्टीचा स्क्रू त्यांच्या तळहातावर होता. पेचकस खिशातच. बोटांत धरून फिरवला तर निघून आला म्हणे, आणि त्याच्या आट्यांत कॉफीच्या पुडीसारखा तपकिरी भुगा अडकलेला. मिस्त्रींनी पटाशी घेतली, खांबाच्या बुडाशी टेकवली आणि हातानंच दाबली. हातोडी लागलीच नाही. उकडलेल्या बटाट्यात सुरी जावी तशी पटाशी तीन बोटं आत गेली.

वरून बघाल तर खांब कसा नवरदेव! गेल्याच दिवाळीत दिलेला चॉकलेटी ऑइलपेंट, बुडाशी बसवलेल्या छान फरशा. आत वाळवीनं रंगाखालचं सालपट तेवढं शिल्लक ठेवलं होतं. वाळवी अशीच खाते. उजेड तिला नको असतो, म्हणून जमिनीतून मातीची नळी बांधत वर येते आणि लाकडाचा मऊ गाभा संपवून बाहेरचा पापुद्रा सोडून देते.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," काकू भिंतीवरून डोकावत म्हणाल्या. "मूठ उघडलीस ना, आता मोज."

तेवढ्यात समोरचे अण्णा आले. अण्णांकडे प्रत्येक दुखण्यावर एक डबा असतो. "काही नाही, वॉटरप्रूफिंगचं केमिकल मिळतं. दोन हात मारा, ओल बंद."

"ओल येते कुठून ते माहीत नाही आणि मलम कुठं लावणार?" काकूंनी अण्णांना तिथंच थांबवलं. "माझ्या साताऱ्याच्या नणंदेनं असंच केलं होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेलेला, वर रुंद, खाली निमुळता. मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून पुट्टी भरली, वर रंग. पाहुण्यांनी मुलगी पसंत केली, पण भिंतीनं काही पुट्टी पसंत केली नाही. उन्हाळ्यात तडा जिथल्या तिथं हजर!"

मिस्त्रींना हे पटलं. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका निघालेला आणि वर तोंड वासलेला तडा दिसला, तर बहुतेक वेळा घराचा तो कोपरा खाली बसत असतो, असं ते म्हणाले. पुट्टीनं तोंड बंद होतं, कोपरा बसायचा थांबत नाही.

मग त्यांनी आमच्या पडवीचा पंचनामा सुरू केला. हातोडीच्या दांड्यानं खांब खालून वर ठोकत गेले. मधे खणखणीत, बुडाशी भद्द. हे मला अपेक्षितच होतं. पण तुळईजवळ, अगदी वरसुद्धा, भद्द! नंतर ओळंबा सोडला. बाहेरचा खांब दीड बोट रस्त्याकडे झुकलेला. शेवटी माझ्या मुलाकडून गोटी मागून घेतली आणि फरशीवर ठेवली. गोटी काही क्षण विचारात पडली, मग निवांत घरंगळत कोपऱ्यात जाऊन बसली. मुलगा खूश, कारण हा शोध त्याला आधीच लागला होता. त्याच्या सगळ्या गोट्या नेहमी त्याच कोपऱ्यात सापडायच्या. घरात एवढा मोठा इंजिनियर असून आम्ही त्याला विचारलंच नव्हतं.

"घर कुणी बांधलं, पडवी कुणी?" मिस्त्रींनी विचारलं.

"घर आजेसासऱ्यांचं, पडवी सासऱ्यांची."

"तेच तर. दोन पिढ्यांचं दोन तऱ्हेचं बांधकाम."

घराचा पाया खोल आणि दगडी. पडवी नंतर जोडलेली, तिचा पाया म्हणजे दोन वितींचा उपचार. खाली कृष्णाकाठची काळी माती. ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळून आकसते. खोल पायाला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण पडवी दर वर्षी वर-खाली होते. म्हणूनच दोन्हींच्या सांध्यावरचा तडा मे महिन्यात बोट जाईल एवढा उघडायचा आणि श्रावणात मिटायचा. आम्ही इतकी वर्षं समजत होतो, तडा बरा झाला!

"आणि खांब कुजला तो पुरानं," मी म्हणाले. कारण ते मला माहीतच होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी ४५ फुटांची. आमच्या पडवीत कमरेएवढं पाणी होतं, भिंतीवर त्याची रेघ अजून दिसते. पाण्याचं नाव काढलं की आमच्या भिंतीवरच्या गप्पा ठरलेल्या वळणावर येतात. काकूंचं माहेर पाटणचं, सातारा जिल्ह्यातलं. म्हणून मी नेहमीचा टोला मारला, "तुमच्या माहेरचं पाणी, काकू!"

"माझ्या माहेरचं कसलं? पाऊस महाबळेश्वराला पडतो, नवजाला पडतो. कोयना कराडला कृष्णेत येते, वारणा तुमच्या हरिपूरला. दिसतं सांगलीत, म्हणून काय सांगलीचं झालं? पाणी बघायचं तर वरच्या अंगाला बघावं."

मिस्त्री थबकले. "मावशी बोलल्या ते बरोबर आहे. पुरानं बूड भिजलं हे खरं. पण वरचं लाकूड पुरात कुठं बुडालं होतं?"

त्यांनी बागेची नळी मागवली. पाणी मारायचीही एक रीत असते हे मला त्या दिवशी कळलं. सगळीकडे एकदम मारायचं नाही. खालून सुरुवात करायची, एकेका जागी पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि मग वर सरकायचं. आत एक माणूस बॅटरी घेऊन उभा. कौलांच्या खालच्या ओळीवर पाणी मारलं, काही नाही. मधल्या ओळीवर, काही नाही. जिथं पडवीचं पाखं घराच्या भिंतीला टेकतं तिथं नळी गेली आणि मुलगा आतून ओरडला, "आलं!" पण थेंब तिथं पडतच नव्हता. सांध्यातून शिरलेलं पाणी वाशाच्या पोटावरून उतरत सहा फूट दूर तुळईवर आलं, तुळईवरून खांबाच्या डोक्यावर, आणि खांबावरून निथळत बुडाशी. त्या सांध्यावर कुणीतरी सिमेंटची किनार ओढलेली होती. पडवी वर-खाली होत असताना किनार तुटायचीच होती.

डाग खांबाशी, भोक भिंतीशी. आम्ही दर पावसाळ्यात डागावर रंग देत होतो.

"आणि ह्या फरशा?" मिस्त्रींनी बुडाकडे बोट दाखवलं. खांबाखाली सासऱ्यांनी दगडी तळखडा बसवला होता, जमिनीपासून चांगला वर, लाकूड ओलीपासून लांब राहावं म्हणून. पुरानंतर आम्ही नवी फरशी बसवताना जमीन उंच केली, तळखडा गाडला आणि लाकडाभोवती सिमेंट ओतलं. छान दिसावं म्हणून. वरून आलेलं पाणी त्या सिमेंटच्या वाटीत साठत राहिलं. लाकडातला ओलावा सतत वीस टक्क्यांच्या वर राहिला की त्याला बुरशी धरते, आणि ओल्या लाकडाकडे वाळवी आपण होऊन येते. पूर आठवडाभर राहिला नि गेला. वाटी मात्र वर्षानुवर्षं भरत राहिली, आणि ती आम्ही पैसे देऊन बांधून घेतली होती.

काकू जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सदुसष्टच्या डिसेंबरात, ११ तारखेला, पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची. थंडीत कित्येक रात्री अंगणात झोपलो. घर उभं दिसत होतं, पण आजोबा आत जाऊ देईनात. रोज एकेक भिंत ठोकून बघायचे, तड्यांवर कागद चिकटवून तारीख लिहायचे. कागद फाटला की समजायचं, भिंत अजून चालतेय."

"आणि कोयनेचं धरण?" अण्णांनी विचारलं.

"ते उभं राहिलं की. पण तडे गेलेच. पायथ्याला नाहीत, वर, जिथं धरणाच्या पाठीचा उतार बदलतो तिथं, आडवे. मग पाठीमागून काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन मजबूत केलं. शंभर मीटरच्या वर उंच धरण, त्यालाही टेकू घ्यायची लाज वाटली नाही. तुझ्या पडवीला कसली गं लाज?"

मग आमच्या पडवीलाही टेकू मिळाले. तुळईखाली लोखंडी जॅक आणि सागाचे दोन धिरे लावल्याशिवाय मिस्त्रींनी खांबाला हात लावला नाही. खांब हलवला की कौलांचं सगळं वजन कुठं जाईल याचा हिशोब आधी. घराच्या मूळ भिंतीतच तडा दिसला असता तर आपण थांबलो असतो आणि इंजिनियरला बोलावलं असतं, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. असं सांगणारा मिस्त्री जपून ठेवावा. कुजकं बूड कापलं, तळखडा उकरून जमिनीच्या वर घेतला, बारीक लोखंडी खुंटी घालून त्यावर लाकूड बसवलं. वरच्या सांध्यावर सिमेंट नाही, वाकवलेला पत्रा. त्याची वरची कड भिंतीत खाच पाडून आत घेतली, खालची कड कौलांवर मोकळी सोडली. पडवीला हलायचंच असेल तर हलू दे, पाणी आत येणार नाही. फरशीला बाहेरच्या बाजूला उतार दिला. पन्हळ साफ करून पाणी पायापासून लांब सोडलं.

दोन तासांचं काम अकरा दिवस चाललं. तीन हजारांचे अडतीस हजार झाले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच, असं मी चडफडत म्हणाले, तर काकूंनी मेथीचे देठ माझ्या बाजूला झटकले. "मोती नव्हे गं, नाकच गेलं होतं तुझं!"

जाळी बसली बाराव्या दिवशी, खरंच दोन तासांत.

तेव्हा कुंपणाअलीकडच्या आणि पलीकडच्या सगळ्यांना एवढंच सांगणं. मृगाच्या आधी पडवीची एक पट्टी काढा आणि स्क्रू बोटांनी फिरतो का बघा. खांबाचं बूड फरशीत गाडलेलं असेल तर पटाशी टेकवून बघा. तड्यावर कागद चिकटवून तारीख लिहा. डाग दिसला तर रंगाचा डबा उघडण्याआधी नळी घेऊन वरच्या अंगाला जा. आणि घरात कुणी गोट्या खेळत असेल, तर त्या कुठं जाऊन बसतात ते त्यालाच विचारा.