एकेका मॅपवर पैसे लावू इच्छिणाऱ्यांस काही उपयुक्त सूचना

संपूर्ण सामन्याच्या निकालावर द्रव्य घालवूनही ज्या गृहस्थाच्या चित्तास शांती लाभत नाही, आणि आपले अज्ञान बारीक तुकड्यांत वाटून घेतले म्हणजे त्याचे ज्ञान होते अशी ज्याची दृढ निष्ठा आहे, त्याने काउंटर-स्ट्राइक या खेळातील एकेका मॅपच्या, म्हणजे सामन्यातील एकेका रणांगणावरील डावाच्या, भाकीत-बाजाराकडे विनाविलंब वळावे.

व्यवहार सोपा आहे. पॉलीमार्केटसारख्या बाजारात ‘अमुक संघ दुसरा मॅप जिंकेल’ या विधानाचा हिस्सा, समजा, 62 सेंटांस मिळतो; विधान खरे ठरल्यास एक डॉलर पदरात पडतो, न ठरल्यास काहीही नाही. म्हणजे बाजाराच्या मते जिंकण्याचा संभव शेकडा 62 आहे. आपल्या मते तो शेकडा 75 आहे, असे घरातील मंडळींस ऐकू जाईल अशा स्वरात म्हणावे, आणि हा आकडा कोठून आणला अशी पृच्छा झाल्यास ‘अभ्यास’ एवढेच उत्तर देऊन पुन्हा पडद्याकडे पाहावे.

आता अभ्यासाविषयी. तीन मॅपांच्या सामन्यात सात मॅपांच्या यादीतून उभय संघ आळीपाळीने प्रथम एकेक वगळतात, मग एकेक निवडतात, पुन्हा एकेक वगळतात, आणि जो उरतो तो निर्णायक ठरतो. कोणता संघ न्यूक या मॅपवर बलवान आणि कोणता इन्फर्नोवर दुबळा, याचा तपशील एका जाड वहीत सुवाच्य अक्षरात उतरवावा. मात्र ज्या विजयांवरून हे बळ ठरविले, त्या काळचे दोन खेळाडू आता प्रतिपक्षाकडून खेळत आहेत ही बाब वहीत रुजू करू नये, कारण तिने गणित नाहक बिघडते. तसेच 31 मार्च 2024 रोजी कोपनहेगनच्या रॉयल अरेनात झालेल्या एका स्पर्धेच्या अंतिम सामन्याचे पान वहीतून काढून टाकलेले बरे: त्या दिवशी नाटुस विन्सेरे या संघाने फेझविरुद्ध एन्शंट 13-9 असा जिंकला, मिराजवर तोच संघ 2-13 असा धुळीस मिळाला, आणि पुढे इन्फर्नोवर त्याच प्रतिस्पर्ध्यास 13-3 असे लोळवून विजेता ठरला. एवढ्या अल्पावधीत मत दोनदा बदलणे प्रतिष्ठित इसमास शोभत नाही.

मॅप सुरू झाल्यावर हिस्सा विकावा की राखावा, हा प्रश्न नाजूक आहे. तेरा फेऱ्या आधी जिंकणारा संघ सामान्यतः मॅप जिंकतो. बारा फेऱ्यांनंतर बाजू बदलतात. आणि पिस्तुलांची पहिली फेरी हरलेला संघ पैशांअभावी बहुधा पुढचीही हरतो, सबब भाव पहिल्या काही मिनिटांतच गडगडतो. त्यातच प्रक्षेपण प्रत्यक्ष खेळाच्या काहीसे मागे चालते. आपल्या पडद्यावर आपला नेमबाज अजून भिंतीआड सुरक्षित उभा असतो, आणि शेजारच्या खिडकीतला भाव 40 वरून 19 वर उतरलेला असतो. अशा वेळी ‘बाजार घाबरट आहे’ असे म्हणून आणखी हिस्से घ्यावेत. नेमबाज थोड्याच वेळात पडेल.

निश्चित ज्ञान या क्षेत्रात मुळीच नाही असे मात्र नव्हे. 2014 साली आयबायपॉवर या अमेरिकन संघाने सीझन नावाच्या एकाच मॅपवरचा सामना बुद्ध्या घालविला, तेव्हा त्यातील मंडळींस निकाल आधीपासून यथास्थित ठाऊक होता. पुढे जानेवारी 2015 मध्ये या खेळाची निर्माती असलेल्या वाल्व्ह कंपनीने त्यांतील बहुतेकांस आपल्या पुरस्कृत स्पर्धांतून हद्दपार केले. भारतातील वाचकांनी तर 2025 चा ऑनलाइन गेमिंगचा कायदाही वाचावा. त्याने ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली आहे आणि पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली आहे. तेव्हा त्यांनी वही तेवढी ठेवावी.

राहता राहिला तिसरा मॅप. पहिले दोन्ही मॅप एकाच संघाने जिंकल्यास तो खेळलाच जात नाही, आणि न खेळलेल्या मॅपचा हिशेब कसा मिटवावयाचा याची तजवीज बाजाराच्या नियमांत केलेली असते. ते नियम पैसे लावून झाल्यावर वाचण्याचा प्रघात आहे.