टूथब्रशचे संशोधक व्हा: चौबे कॉलोनीतल्या नवशिक्यांसाठी दहा पायऱ्या

अभिनंदन! सध्याचा टूथब्रश अपुरा आहे, हे तुमच्या लक्षात आलं आहे. त्याची दांडी लांब-आखूड होत नाही, मान वळत नाही आणि केस झिजले की अख्खा ब्रश टाकून द्यावा लागतो. या अन्यायाविरुद्ध उभं राहायला रायपूरच्या चौबे कॉलोनीसारखी जागा नाही. जीई रोडवर एनआयटी आहे, म्हणजे तज्ज्ञ झाले. कॉलोनीतच १९३५ सालचं महाराष्ट्र मंडळ आहे, म्हणजे टीकाकार झाले. रिक्षा केली की गोल बाजार, म्हणजे सुटे भागही झाले. दात स्वतःचे असले तर उत्तम. कवळी असली तरी अडणार नाही, कारण पुढच्या कुठल्याच पायरीवर दात घासावे लागत नाहीत.

१. आधी उत्तर ठरवा, समस्या मागाहून मिळते

नवशिके इथेच घसरतात. ब्रश वापरताना कोणाला काय त्रास होतो, हे विचारत हिंडतात. असं केलंत की तात्यापाऱ्यातल्या कोणीतरी काकू भेटणारच. संधिवाताने त्यांची बोटं मिटत नाहीत आणि बारीक दांडी हातातून निसटते. त्यांना लांब-आखूड काही नको, जाड मूठ हवी. सायकलच्या हँडलची रबरी ग्रिप दांडीवर चढवली किंवा फडकं गुंडाळून वर दोन रबरबँड लावले की त्यांचं काम होतं. म्हणजे खरी गरज दहा मिनिटांत भागली आणि तुमच्या हाती पेटंटचा अर्ज करण्यासारखं काही उरलं नाही. काकूंबद्दल आदर बाळगा, पण प्रकल्प संपेपर्यंत त्यांच्या घरी जाऊ नका.

२. त्याला टूथब्रश म्हणणं आजपासून बंद करा

टूथब्रश सगळ्यांकडे असतो. तुमच्याकडे आहे ‘मॉड्युलर अ‍ॅडजस्टेबल ओरल हायजीन अपॅरेटस’. दांडी म्हणजे ‘एलाँगेटेड मेंबर’, केस म्हणजे ‘क्लीनिंग एलिमेंट्स’. मुंडकं अडकवायची खाच म्हणजे ‘कपलिंग मीन्स’. अर्ज वाचून वस्तू न्हाणीघरात ठेवायची की कारखान्यात, असा प्रश्न पडला तर मसुदा चांगला जमला म्हणायचा. ‘सस्टेनेबल’ हा शब्द पहिल्या परिच्छेदात एकदा आणि शेवटच्या परिच्छेदात दोनदा घाला.

३. जे जे हलेल ते हलवा

पहिली सोय लांबीची. दांडीत दांडी सरकवा. ब्रशची लांबी घासताना का बदलावी लागते, असं कोणी विचारलंच तर ‘एकच ब्रश, संपूर्ण कुटुंब’ म्हणा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू नका.

दुसरी सोय कोनाची. केस हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत धरावेत, असं दंतवैद्य सांगतात. चार्ल्स बास या अमेरिकन डॉक्टरांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. हा कोन साधायला मनगट पुरतं आणि ते गिऱ्हाइकाकडे आधीपासूनच असतं. पण मनगट तुमचं उत्पादन नाही. म्हणून मानेला बिजागरी लावा.

तिसरी सोय कडकपणाची. मऊ, मध्यम, कडक अशी फिरकी बसवा. दंतवैद्य जवळपास सगळ्यांना मऊच केस सांगतात, म्हणजे फिरकीवरच्या तीनपैकी दोन खुणा हिरड्या सोलण्यासाठी आहेत. तरीही त्या ठेवा. पैसे दिल्यावर माणसाला फिरवायला काहीतरी लागतं.

४. सांध्यावर प्रेम करा, आतलं पाहू नका

बदलणारं मुंडकं म्हटलं की सांधा आला. सांध्यात पाणी, पेस्ट आणि थुंकी आली. आठवड्याभरात तिथे काळपट कड धरते. नमुना पारदर्शक करू नका.

घट्टपणाचंही एक शास्त्र आहे. खाच सैल झाली तर मुंडकं दाढेशी सुटतं आणि गिऱ्हाईक ते गिळेल की काय, अशी धास्ती लागते. घट्ट झाली तर ओल्या हाताने निघत नाही आणि पक्कड आणावी लागते. दोन्हींत पक्कड बरी. ती खोक्यातच द्या आणि तिला ‘हेड रिलीज टूल’ म्हणा.

साधा ब्रश भंगारवाला का घेत नाही, हे इथे जाणून घ्या. दांडी बहुधा पॉलिप्रॉपिलिनची, केस नायलॉनचे, पकडीचा मऊ भाग तिसऱ्याच द्रव्याचा. शिवाय केसांचा झुबका दुमडून भोकात ठोकताना धातूची बारीक पट्टी मारलेली असते. एवढा संसार कोण वेगळा करत बसणार? तुम्ही त्यात स्प्रिंग, बिजागरी आणि फिरकी घालणार आहात. प्लास्टिक वाचवण्याचा दावा ठणकावून करा, फक्त वजनकाटा खोलीत ठेवू नका.

५. तुमचं मुंडकं दुसऱ्या दांडीला बसता कामा नये

खरा शोध इथे आहे. ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलावा, असा सल्ला असतो. म्हणजे माणशी वर्षाला तीन-चार मुंडकी. दांडी स्वस्त द्या, मुंडकी महाग. सगळ्या कंपन्यांनी मिळून एकच खाच ठरवली तर कोणत्याही दुकानातलं मुंडकं कोणत्याही दांडीला बसेल आणि कचरा खरोखर कमी होईल. म्हणून ती कल्पना मनात येताच चूळ भरून टाका.

पुढे काय होतं तेही सांगतो. चार महिन्यांनी गिऱ्हाईक किराणा दुकानात मुंडकं मागतं. दुकानदार म्हणतो, “भैया, खाली मुंडी नहीं आती, पूरा ब्रश ले जाओ.” ते पूर्ण ब्रश घेतं. तुमची टिकाऊ दांडी गॅलरीतल्या डब्यात जाते आणि तिथे मात्र ती खरंच टिकते.

दातांच्या धंद्यात मराठी माणूस मागे नव्हता, याची कोणी आठवण करून देईलच. नागपूरकडच्या केशव विष्णू पेंढारकरांनी मुंबईत परळला १९५२ मध्ये विको सुरू केली आणि वज्रदंती घरोघर पोचवली. नम्रपणे मान डोलवा. मंजन रोज लागतं, वापरलं की संपतं आणि कुठल्याही बोटाला बसतं. तुमच्या प्रकल्पाला यातलं काही लागू होत नाही.

६. इतिहास शोधा, पण सापडणार नाही असा

अर्जाआधी पूर्वीचे शोध तपासायचे असतात. इथे जपून. इंग्लंडमध्ये विल्यम अ‍ॅडिस यांनी १७८० च्या सुमारास हाडाची दांडी आणि जनावराचे केस घेऊन ब्रशचा कारखाना काढला. १८५७ मध्ये, आपल्याकडे उठाव चालू असताना, अमेरिकेत वॉड्सवर्थ नावाच्या गृहस्थांनी टूथब्रशचं पेटंट घेतलं. नायलॉनचे केस १९३८ मध्ये आले. तोवर डुकराचे केस चालत, त्यामुळे सोवळ्यातल्या आजीबाईंनी ब्रशला घरात घेतलं नाही, यात त्यांची चूक म्हणता येत नाही. विजेच्या ब्रशची मुंडकी तर कधीपासून बदलतात.

एवढं वाचून खचू नका. ‘रायपूरमध्ये तयार झालेला जांभळ्या फिरकीचा ब्रश’ असं शोधा. काहीच सापडणार नाही. निष्कर्ष लिहा: असं यापूर्वी कोणी केलेलं नाही.

७. मुखारी विकणाऱ्या बाईंच्या समोरून जाऊ नका

बाजारात कडुनिंबाच्या, बाभळीच्या, करंजाच्या काड्यांच्या जुड्या घेऊन त्या बसलेल्या असतात. छत्तीसगढमध्ये दातवणाला मुखारी म्हणतात. तुमच्या प्रकल्पाला सर्वांत मोठा धोका या जुडीचा आहे, कारण तिची वैशिष्ट्यं अशी: टोक चावलं की केस तयार. जास्त चावलं की मऊ, कमी चावलं की कडक. झिजलेला भाग तोडून टाकला की नवं मुंडकं, तेही त्याच दांडीवर आणि पक्कड न लागता. लांबी हवी तेवढी मोडून घ्यावी. शेवटी काडी उभी चिरली की जीभ खरवडायला दोन पट्ट्या. टाकली की मातीत मिसळते. बाई “के ठन देवँव?” एवढंच विचारतील आणि तुमची बावीस स्लाइडची मांडणी तिथल्या तिथे संपेल.

कायद्याच्या बाजूनेही ही काडी वाईट, कारण पूर्वापार माहीत असलेल्या गोष्टीवरचं पेटंट टिकत नाही. हळदीने जखम भरते, याचं अमेरिकेत दिलेलं पेटंट रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून १९९७ मध्ये रद्द करवलं. कडुनिंबाच्या बुरशीनाशकाचं युरोपातलं पेटंट २००० मध्ये रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. तेव्हा त्या लढायांवर आपण पेढे वाटले होते. आता तुम्ही पलीकडच्या बाजूला उभे आहात. जुनं सगळं ठाऊक असलेल्या आजीला कागदपत्रांपासून दूर ठेवा.

८. एक स्लाइड गंभीर ठेवा

सादरीकरणाच्या परीक्षकांना सामाजिक आशय लागतो. तो इथे भरपूर आहे. छत्तीसगढच्या कितीतरी घरांत दिवसाची सुरुवात गुडाखूने होते. तंबाखू आणि गुळाचा तो लगदा बोटाने दातांना चोळतात. आपल्याकडची मशेरी त्याचीच बहीण. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ मध्ये बंदी आली. गुडाखूची डबी मात्र पानठेल्यावर आजही मिळते. तोंडाच्या कर्करोगाचा फोटो दाखवा आणि तीन सेकंद गप्प राहा. सभागृह हेलावेल. मग बटन दाबून थेट स्प्रिंगच्या आकृतीवर या. ज्या माणसाला तंबाखूची तलफ आहे त्याला सरकणाऱ्या दांडीने काय होणार, हा प्रश्न विचारायला वेळ उरता कामा नये.

९. अर्ज करा आणि लगेच फोटो काढा

छत्तीसगढ पेटंटच्या मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतं. भोसल्यांच्या काळात इथली प्रकरणं नागपूरला जात, तुमचं प्रकरण थेट अँटॉप हिलला जाईल. मंडळातल्या ज्येष्ठांना हे सांगा, ते खूश होतील. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर शुल्क १,६०० रुपये. आधी तात्पुरता तपशील द्या, पूर्ण तपशिलासाठी १२ महिने मिळतात.

वाटेत पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) आडवं येईल. माहीत असलेल्या वस्तू शेजारीशेजारी मांडल्या आणि प्रत्येक वस्तू आपलं जुनंच काम करत राहिली, तर तो शोध नव्हे, असा त्याचा आशय. हे कलम तुमची नळीदार दांडी, बिजागरी आणि ब्रश पाहूनच लिहिलं असावं, असं वाटेल. घाबरू नका. ‘सिनर्जिस्टिक इफेक्ट’ लिहा. हे भाग एकत्र आल्यावर खरोखरच असं काही करतात जे एकेकटे करत नाहीत: ते अडकतात.

आता सर्वांत मोलाची टीप. अर्ज केल्यावर १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. चांगला असो वा वाईट, मागे घेतला नसेल तर होतोच. घाई असेल तर ज्यादा शुल्क भरून लवकरही होतो. या घटनेला ‘पेटंट पब्लिश झालं’ म्हणतात आणि त्यावर हार, पेढे, बॅनर सगळं चालतं. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत मंजूर पेटंटांबरोबर प्रसिद्ध झालेल्या अर्जांचेही गुण असतात. म्हणून सहसंशोधकांत विभागप्रमुख, प्राचार्य आणि ज्यांनी प्रिंटर दिला ते, अशी सगळी नावं घाला. तेवढाही धीर नसेल तर ब्रिटनमध्ये डिझाइन नोंदवा. तिथे नावीन्य तपासतच नाहीत, काही आठवड्यांत प्रमाणपत्र येतं. खाली ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ असं आपल्या हाताने लिहायचं.

१०. नमुना दाखवा, तोंडात घालू नका

साचा करायचा तर लाखांची गोष्ट. थ्री-डी प्रिंटरवर एक नग काढा. थरांच्या रेघांत घाण अडकते, म्हणून तो फक्त पाहण्यासाठी आहे. मंडळाच्या कार्यक्रमात मांडलात तर कोणी काका उचलून विचारतील, “हे धुवायचं कसं?” उत्तर पाठ करा: “काका, तो फेज टूचा विषय आहे.” ते पुन्हा विचारतील, “तू कोणत्या ब्रशने घासतोस?” इथे चहा आणायला निघून जा.

पुढे तपासणीसाठी वेगळे ४,००० रुपये भरायचे. मग पेटंट कार्यालयातल्या परीक्षकांचा पहिला अहवाल येईल, त्यात तुमच्यासारखेच चार-पाच ब्रश पुराव्यानिशी दाखवलेले असतील. उत्तर द्यायला सहा महिने असतात, विनंती केली तर थोडे वाढतात. उत्तर दिलं नाही की अर्ज सोडून दिला, असं धरतात. सोडून द्या, काहीही बिघडत नाही. बायोडेटातली ‘पब्लिश्ड’ ही ओळ कोणी खोडायला येत नाही आणि बढतीच्या मुलाखतीत ब्रश आणायला कोणी सांगत नाही. दोन शैक्षणिक वर्षं कारणी लागली, आता तिसऱ्याची तयारी करा. जीभ खरवडण्याची पट्टी अजून कोणी उंची कमी-जास्त होणारी केलेली नाही. निदान जांभळ्या रंगात तरी नाही.